बिऱ्हाड पाठीवर, पत्ता मात्र घरचा

आपल्या भाषेत हरवलेल्या माणसाला 'बेपत्ता' म्हणतात. माणूस जिवंत असेल, खातपीत असेल, एखाद्या गावात सुखाने नांदतही असेल. पण त्याचा पत्ता आपल्याकडे नाही, एवढ्यावरून आपण त्याला जवळजवळ नसल्यातच जमा करतो. सरकारदरबारी तर हा न्याय अधिकच कडक. पत्ता नाही त्याला रेशनकार्ड नाही, मतदारयादीत नाव नाही. भटक्या जमातींच्या कित्येक पिढ्यांनी या एका शब्दापायी काय सोसले आहे, ते महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

इंटरनेट नावाचे जे जगड्व्याळ जाळे आज आपल्या खिशापर्यंत येऊन पोचले आहे, त्याची घडण याच समजुतीवर झाली आहे. माणूस एका जागी राहतो, त्या जागेला पत्ता असतो आणि पत्ता कळला की माणूस सापडतो. ज्यांनी हे जाळे विणले, त्यांचे संगणक खोली व्यापून बसणारे होते. ते उठून फिरायला जातील, आगगाडीत बसतील किंवा विमानातून समुद्र ओलांडतील, असा विचार त्या वेळच्या रचनेत नव्हता. आज मात्र जाळ्यावरची निम्मी दुनिया चालती आहे. मी गेली अनेक वर्षे अभियांत्रिकीच्या मुलांना संगणकांच्या जाळ्यांचा विषय शिकवतो. मुले हमखास विचारतात तो प्रश्न असा : "सर, गाडी ताशी शंभरने पळते आहे, मनोरे मागे पडताहेत, मग बोलणे तुटत कसे नाही?" प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र पत्ता म्हणजे काय, इथपासून द्यावे लागते.

एक पत्ता, दोन कामे

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. १९८१ साली पक्क्या झालेल्या नियमांनुसार तो ३२ अंकांचा, म्हणजे शून्य आणि एक या दोनच अंकांनी बनलेला. पुढे पत्ते अपुरे पडू लागले तेव्हा १२८ अंकी पत्त्यांची नवी पद्धत आली. दोन्हींत तत्त्व एकच. पत्त्याचा पूर्वार्ध यंत्र कुठल्या जाळ्यात आहे ते सांगतो, उत्तरार्ध त्या जाळ्यातले नेमके यंत्र कोणते ते सांगतो. वाटेवरचे राऊटर, म्हणजे चौकाचौकातले वाटाडे, फक्त पूर्वार्ध वाचतात. टपाल छाटणारा माणूस पाकिटावरचा जिल्हा बघून ते योग्य थैलीत टाकतो, आळी आणि घर नंबर बघत बसत नाही, तसेच.

गोम अशी, की हा पत्ता दोन कामे एकदम करतो. यंत्र कुठे आहे हे तर तो सांगतोच, शिवाय यंत्र कोण आहे हेही तोच सांगतो. दोन संगणकांचे संभाषण सुरू झाले की त्याची ओळख चार गोष्टींवरून पटते : दोघांचे पत्ते आणि दोघांची दारे, ज्यांना या विषयात 'पोर्ट' म्हणतात. चारांपैकी एक जरी बदलली, तरी पलीकडच्याला वाटते, हा कोणी दुसराच. बोलणे तिथेच तुटते. म्हणजे जागा सोडली तर पत्ता बदलावा लागतो आणि पत्ता बदलला तर ओळख पुसली जाते.

हा पेच सोडवायचा पहिला पक्का नियमग्रंथ १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये आला. संपादक होते चार्ल्स पर्किन्स. त्यातली युक्ती इतकी घरगुती आहे की वर्गात ती सांगताना मला आमच्याच घराचे उदाहरण पुरते.

माझ्या वडिलांची नोकरी बदलीची. दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलायचे. पण बाबांनी आपला पत्ता कधी बदलला नाही. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराचा पत्ताच ते सगळ्यांना देत. त्या घरी माझे थोरले काका असत. नव्या गावी पोचलो की बाबा पहिले काम करीत ते काकांना कार्ड टाकण्याचे : सध्या मुक्काम अमुक गावी, द्वारा श्री. अमुक. मग बाबांच्या नावाने आलेले प्रत्येक पत्र काका न फोडता नव्या पाकिटात घालीत, वर तो 'द्वारा' पत्ता लिहीत आणि रवाना करीत. पत्र लिहिणाऱ्याला बदलीची गंधवार्ताही नसे.

पर्किन्स आणि मंडळींची योजना हुबेहूब हीच. फिरत्या यंत्राला एक कायमचा घरचा पत्ता. घरी एक कारभारी संगणक. यंत्र नव्या जाळ्यात शिरले की तिथला तात्पुरता पत्ता घेते आणि कारभाऱ्याला कळवते. घरी आलेला प्रत्येक संदेश कारभारी दुसऱ्या वेष्टनात घालून तात्पुरत्या पत्त्यावर पाठवतो. या पाकिटातल्या पाकिटाला तंत्रज्ञ 'बोगदा' म्हणतात, कारण आतल्या पत्राला वाटेतले काहीच दिसत नाही.

दिंडीचा मुक्काम

हे झाले एकट्यादुकट्याचे. पण अख्खी आगगाडी निघाली तर? हजार प्रवाशांच्या हजार यंत्रांनी प्रत्येक मनोऱ्यापाशी आपापल्या घरी कार्डे टाकीत बसायचे का?

इथे मला आषाढी वारीची आठवण होते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, रथापुढे अमुक किंवा रथामागे अमुक. आज सासवड, मग जेजुरी, वाल्हे, लोणंद असा मुक्काम हलत राहतो, पण दिंडीचा क्रमांक बदलत नाही. दिंडीतल्या म्हातारीला आज आपण कुठल्या गावी आहोत हे ठाऊक नसले तरी बिघडत नाही. निरोप आला तर तो दिंडीच्या नावे येतो आणि तो तिच्यापर्यंत पोचवणे हे दिंडी चालवणाऱ्यांचे काम.

'फिरता राऊटर' म्हणजे असा दिंडीचालक. बसच्या, बोटीच्या किंवा विमानाच्या आत एक छोटे जाळे असते. त्या जाळ्याला आपला कायमचा पूर्वार्ध, म्हणजे दिंडी क्रमांक मिळालेला असतो. आतल्या यंत्रांचे पत्ते प्रवासभर तेच राहतात, आपण हललो हे त्यांना कळतही नाही. बाहेरचे जाळे बदलले की फिरता राऊटर एकटाच घरच्या कारभाऱ्याला कळवतो : "या पूर्वार्धाचे जे जे येईल, ते सगळे आता इकडे पाठवा." जानेवारी २००५ मध्ये या पद्धतीचा पायाभूत नियमग्रंथ प्रसिद्ध झाला. तिच्या चार लेखकांपैकी विजय देवरापल्ली हे एक नाव भारतीय वळणाचे आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

या कल्पनेची परीक्षा घेण्यासाठी नासाच्या क्लीव्हलँड येथील ग्लेन संशोधन केंद्राने त्याआधीच फिरता राऊटर अमेरिकी तटरक्षक दलाच्या 'निआ बे' या बर्फफोड्या बोटीवर चढवला होता. त्याहून चित्तथरारक प्रयोग आकाशात झाला. २७ सप्टेंबर २००३ रोजी 'यूके-डीएमसी' हा ब्रिटिश उपग्रह उडाला. आपत्तीच्या काळात पृथ्वीची छायाचित्रे घ्यायची हे त्याचे काम. त्यात सिस्को कंपनीचा एक फिरता राऊटर बसवला होता. जून २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डनबर्ग तळावर बसलेल्या मंडळींनी या राऊटरशी संधान बांधले. उपग्रह तेव्हा इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या केंद्राला दिसत होता, आणि राऊटरचे 'घर' होते क्लीव्हलँडला. म्हणजे कॅलिफोर्नियातून निघालेला शब्द आधी ओहायोतल्या घरी गेला, तिथून समुद्रापलीकडे इंग्लंडला आणि तिथून आकाशात. प्रयोग यशस्वी झाला. पण या वाटेकडे नीट पाहिले की दुखणे कुठे आहे ते कळते.

सांगली ते मिरज, मार्गे राजापूर

दुखणे आमच्या घरातही होते. बाबा मिरजेला होते तेव्हा त्यांचे एक जिवलग मित्र सांगलीला राहत. दोन गावांत जेमतेम दहा किलोमीटर. पण मित्राकडे पत्ता राजापूरचा. त्यांचे पत्र घाट उतरून कोकणात जायचे, काका ते पाकिटात घालायचे आणि ते पुन्हा घाट चढून मिरजेला यायचे. लग्नाचे आमंत्रण हाती पडेपर्यंत वऱ्हाड परतलेले असे.

यालाच 'त्रिकोणी वाट' म्हणतात. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. घर दहा हजार किलोमीटर दूर असेल, तर नुसते तिथे जायला एक विसांश सेकंद आणि परत यायला तेवढाच वेळ. पत्रव्यवहारात हे कोणाला जाणवणार नाही. पण बोलण्यात, दूरवरून चालवलेल्या यंत्रात किंवा रुग्णवाहिकेतून रुग्णालयाकडे जाणाऱ्या हृदयाच्या आलेखात असे विसांश साठत जातात.

आता बोटीत बस आहे, बसमध्ये प्रवासी आहे आणि प्रवाशाच्या खिशातही एक फिरता राऊटर आहे असे समजा. प्रत्येकाचे घर वेगळे. मग एकेक शब्द पहिल्या घरी, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या घरी असा कॅरमच्या सोंगटीसारखा या कडेवरून त्या कडेवर आपटत जातो. प्रत्येक घरी एक वेष्टन वाढते. नव्या पद्धतीत एका वेष्टनाचे ओझे चाळीस बाइट. तीन वेष्टने म्हणजे एकशेवीस. आत माल मूठभर आणि बारदान मणभर!

मग मित्रालाच मिरजेचा पत्ता का कळवू नये? एकट्या यंत्रासाठी ही सोय २००४ च्या नियमांत आली. पण त्यात मोठी जोखीम आहे. "मी अमका, आता इकडे राहतो, माझे टपाल इकडे पाठवा," असे कार्ड कोणीही टाकू शकतो. ते खरे मानले तर तुमची सगळी पत्रे चोराच्या घरी. म्हणून एक छान तोडगा काढला गेला. मित्राने दोन कार्डे टाकायची. एका परवलीच्या शब्दाचा अर्धा भाग घरच्या पत्त्यावर, अर्धा नव्या पत्त्यावर. दोन्ही अर्धे जोडून जो परत कळवील तो खरा, कारण घरी आलेलेही त्याला मिळते आणि नव्या जागीही तोच हजर आहे. तरीही सांगलीच्या टपालपेटीपाशीच कोणी टपून बसला तर दोन्ही कार्डे तो वाचील. म्हणून या खात्रीची मुदत ठेवली आहे फक्त ४२० सेकंद. सात मिनिटांनी पुन्हा परीक्षा.

दिंडीच्या बाबतीत हा तोडगा लंगडा पडतो. दोन कार्डांनी एका पत्त्याची खात्री पटते, अख्ख्या पूर्वार्धाची नाही. शिवाय गाडीतले हजार प्रवासी प्रत्येकी दहा ठिकाणांशी बोलत आहेत असे धरले, तर जाळे बदलले की एकदम दहा हजार ठिकाणी कळवावे लागेल, आणि ते गाडी पुढच्या मनोऱ्याकडे धावत असताना. म्हणूनच २००५ च्या पायाभूत नियमांनी वाट सरळ करण्याचा विषयच बाजूला ठेवला.

घरच उचलून नेले

बोइंग कंपनीने या प्रश्नाला वेगळ्याच बाजूने हात घातला. मे २००४ मध्ये लुफ्थान्साच्या म्युनिक ते लॉस एंजेलिस विमानात तिची 'कनेक्शन' ही इंटरनेट सेवा सुरू झाली. विमानाचा संपर्क उपग्रहामार्फत कधी स्वित्झर्लंडमधल्या लॉइकच्या केंद्राशी, तर कधी अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या केंद्राशी. बोइंगने घरचा कारभारी ठेवलाच नाही. प्रत्येक विमानाला २५६ पत्त्यांचा एक गट दिला आणि विमान ज्या केंद्राखाली येईल त्या केंद्राने साऱ्या जगाला जाहीर करायचे : "हे पत्ते आता माझ्याकडे." जणू घरच विमानामागोमाग सरकत होते. वाट आपोआप जवळची झाली.

पण याची किंमत बाकीच्या जगाने मोजायची होती. जगातल्या मोठ्या राऊटरांना अशी प्रत्येक घोषणा लक्षात ठेवावी लागते. या यादीत आज दहा लाखांच्या आसपास नोंदी आहेत. थोड्या विमानांचे ठीक, पण प्रत्येक विमान, आगगाडी आणि बस अशी दवंडी पिटू लागली तर यादी फुगून कोसळेल. त्या प्रसंगाची वेळ आली नाही, कारण अपेक्षेएवढे गिऱ्हाईक न मिळाल्याने बोइंगने ऑगस्ट २००६ मध्येच सेवा बंद करण्याचे जाहीर केले.

संपर्क टिकवण्यात वाटेइतकेच वेळेचेही महत्त्व असते. नव्या पद्धतीत यंत्राने पत्ता घेतला की तो दुसऱ्या कोणाचा नाही ना, हे पाहायला ते सहसा एक सेकंद थांबते. घरात बसलेल्याला एक सेकंद काहीच नाही. ताशी शंभरने पळणाऱ्या गाडीचे त्यात सुमारे २८ मीटर कापून होतात. म्हणून चांगला फिरता राऊटर दोन किंवा तीन कंपन्यांची सिमकार्डे बाळगतो. ओढा ओलांडताना पुढच्या दगडावर पाय पक्का टेकल्याशिवाय मागचा उचलायचा नाही, ही आपल्याकडची जुनी शिकवण इथेही लागू. अर्थात कोकण रेल्वेच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यासारख्या ठिकाणी लहरच पोचली नाही, तर कुठल्याही हुशारीचा उपयोग नाही.

मग आज आपण वापरतो ते काय? मोबाइल कंपन्यांनी हीच घर-कारभारी पद्धत आपल्या जाळ्याच्या पोटात राबवली आहे. मनोरे बदलले तरी फोनचा पत्ता बदलत नाही, कारण सारी ये-जा कंपनीच्या एका ठरावीक दारातून होते. भारतातले सिमकार्ड घेऊन परदेशी गेलेल्यांनी एक गंमत पाहिली असेल. फोन लंडनमध्ये, पण जाहिराती भारतातल्या. कारण परदेशातही त्याची वाट सहसा मायदेशातल्या दारातूनच जाते. लंडनमधल्याच दुकानाची माहिती मुंबईमार्गे! बसमधले बरेचसे राऊटरही आपल्या मालकाच्या केंद्राशी बोगदा बांधूनच बोलतात. नाव वेगळे, काका तेच.

दुसरी वाट ओळखीच्या बाजूने निघाली. संभाषणाची ओळख पत्त्यावरून काढून घ्यायची आणि प्रत्येक संभाषणालाच स्वतःचा क्रमांक द्यायचा. 'क्विक' या मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या पद्धतीत असेच आहे. घरातले वाय-फाय सोडून रस्त्यावर आलात, पत्ता बदलला, तरी क्रमांकावरून पलीकडचा तुम्हाला ओळखतो. अठरा वर्षांच्या मुलाला हे सहज वाटते. एकाच पत्त्यावर दोन कामे लादणाऱ्या रचनेला लावलेले ठिगळ आहे हे, पण मजबूत आहे.

जवळची वाट कोणाच्या सोयीची?

इतके वाचल्यावर वाटेल की वाट सरळ केली की प्रश्न मिटला. मला तसे वाटत नाही. लांबच्या वाटेचा एक गुण आहे. पत्रे घरून येत होती तोवर, बाबा कुठल्या गावी आहेत हे काकांखेरीज कोणाला कळत नव्हते. वाट सरळ केली की ज्याच्याशी बोलता त्या प्रत्येकाला तुमचा आजचा मुक्काम कळतो, आणि जाळे बदलेल तसा पुढचाही. घरून छळ होतो म्हणून निघून आलेली बाई, धमक्या येणारा साक्षीदार, बातमीच्या मागावरचा वार्ताहर यांच्या लेखी वाटेतले ते दोन विसांश सेकंद महाग नाहीत. उलट, सारे काही एकाच घरामार्गे जात असेल, तर त्या घरच्या कारभाऱ्याला तुमचा प्रत्येक मुक्काम ठाऊक असतो. आमचे काका पत्रे न फोडता पाठवीत. सगळेच कारभारी काकांसारखे असतील, याची हमी कोण देणार?

आणि दुसरी बाजू याहून गंभीर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरला वेढा घातला होता. अशा पुरात मदतीच्या दोन बोटी शेजारी शेजारी उभ्या आहेत, दोन्हींवर फिरते राऊटर आहेत आणि त्यांचे घर चारशे किलोमीटर दूरच्या शहरात आहे, अशी कल्पना करा. बाहेर जाणारी तार पुरात तुटली की घर तुटले. आणि घर तुटले की हाकेच्या अंतरावरच्या त्या दोन बोटींनाही एकमेकींशी बोलता येणार नाही. दोघींच्या मध्ये फक्त पाणी, पण वाट मात्र दूरच्या शहरातून! हा दोष तज्ज्ञांनी २००७ मध्येच लिहून ठेवला आहे. त्यावर उपायही आहेत. शेजाऱ्यांनी घर न विचारता एकमेकांना ओळखावे, अशी आधीच तजवीज करून ठेवता येते. पण ती यंत्र विकत घेतानाच मागावी लागते, पूर आल्यावर नाही.

म्हणून रुग्णवाहिका, अग्निशमन बंब, एस.टी. किंवा बचावबोटी यांच्यासाठी अशी यंत्रे घेणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे, की वेग किती हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न असा असावा : याचे घर कुठे आहे, ते कोण सांभाळतो आणि ते पडले तर ही गाडी शेजारच्या गाडीशी बोलू शकेल का? विकणाऱ्याला या तिन्हींची उत्तरे देता आली नाहीत, तर यंत्र कितीही झगमगीत असो, ते परत करावे.